जहाजावरची मांजर

बिलोली तालुक्यातून मांजरा नदी वाहते. तिचा मांजराशी काही संबंध नाही, जुनं नाव वंजरा. समुद्र तर इथून शेकडो किलोमीटर दूर. तरीही जहाजावरच्या मांजरीची गोष्ट मला मराठवाड्यापासूनच सुरू करावीशी वाटते. मांजर जहाजावर चढली ती उंदरामागे, आणि उंदीर चढला तो मालामागे.

पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक पुस्तकात नोंद आहे की पैठण आणि तगर, म्हणजे आजचं तेर, इथला माल गाड्यांनी भडोचला जाई. तगरहून भरपूर कापड जाई. भडोचहून जहाजं तांबड्या समुद्राकडे निघत. काळा उंदीर मूळचा आपल्याच उपखंडातला, तोही याच व्यापाराबरोबर पश्चिमेला पोहोचला. इजिप्तच्या किनाऱ्यावरचं कुसैर हे भारताशी व्यापार करणारं बंदर. तिथल्या उत्खननात रोमन काळातली एक मांजर सापडली, कापडात नीट गुंडाळून पुरलेली. तिच्या पोटात बऱ्याच उंदरांचे अवशेष होते. भरल्या पोटी गेली बिचारी, आणि कुणीतरी तिला मायेनं मातीही दिली.

मांजरीचा विषय निघाला की आपल्याकडे हजरत अबू हुरैरांचं नाव निघतंच. जहाजाच्या संदर्भात मला दोन वेगळ्या हदीस जास्त मोलाच्या वाटतात. एक हजरत अबू कतादांची. त्यांच्या वुजूच्या पाण्याकडे मांजर आली, त्यांनी भांडं तिच्यासाठी कलतं केलं आणि सांगितलं की पैगंबरांच्या म्हणण्याप्रमाणे ती नापाक नाही, ती तुमच्यात वावरणाऱ्यांपैकी आहे. विहिरीकाठी ही साधी गोष्ट वाटेल. पण गोडं पाणी मोजून मिळतं अशा जहाजावर मांजरीनं तोंड लावलेलं पाणी ओतून द्यायचं की वापरायचं, हा रोजचा प्रश्न असतो.

दुसरी हदीस सर्वांना ठाऊक असते: मांजरीला कोंडून, ना खायला देणारी, ना बाहेर शिकार करू देणारी ती बाई. आता जहाज म्हणजे काय? चारी बाजूंनी पाण्यानं कोंडलेलं घर. मांजरीला जहाजावर नेणाऱ्यानं तिला कोंडलेलंच असतं. म्हणून ‘उंदीर खाऊन जगेल की’ हे उत्तर मला पुरेसं वाटत नाही.

युरोपातल्या व्यापाऱ्यांनी मात्र मांजरीकडे हिशेबानंच पाहिलं. बार्सिलोनाच्या मध्ययुगीन सागरी कायद्यात, जहाजावर मांजर नसताना उंदरांनी माल कुरतडला तर भरपाई जहाजवाल्याकडे, असा नियम होता. मांजर म्हणजे विमाच!

हिशेबापलीकडे जाणारेही होते. मॅथ्यू फ्लिंडर्स या इंग्रज दर्यावर्दीची ‘ट्रिम’ नावाची मांजर (खरं तर बोका) 1799 मध्ये जहाजावरच जन्मली. पिल्लू असताना ती समुद्रात पडली, पोहत आली आणि दोर धरून वर चढली. पुढे फ्लिंडर्स मॉरिशसमध्ये फ्रेंचांच्या कैदेत अडकला आणि ट्रिम तिथेच बेपत्ता झाली. त्यानं तिच्यावर अख्खा लेख लिहिला. ‘अ‍ॅमेथिस्ट’ या युद्धनौकेवरच्या सायमनचं दुःख वेगळं. 1949 मध्ये यांगत्से नदीत तोफगोळ्यानं जखमी होऊनही तो उंदीर मारत राहिला, आणि त्याच नोव्हेंबरमध्ये इंग्लंडला पोहोचल्यावर सक्तीच्या विलगीकरणात मेला.

ब्रिटिश नौदलानं 1975 मध्ये स्वच्छतेच्या कारणावरून जहाजांवर मांजरी ठेवणं बंद केलं. आता बंदरात उभ्या जहाजाच्या दोरांवर पत्र्याच्या गोल चकत्या लावतात, उंदीर त्यांच्यावरून पुढे येऊ शकत नाही. लहान नावेवर आज मांजर असते ती हौसेची. तिच्यासाठी शिकार नाही, म्हणून अन्न, पाणी, वाळूची पेटी, उन्हात सावली, सगळं माणसानंच पुरवायचं. कठड्याला जाळी बांधतात, रात्री तिला आत घेतात, आणि बाजूनं जाड दोर किंवा घोंगडीची पट्टी पाण्यापर्यंत सोडून ठेवतात, पडलीच तर नखं रोवून वर यायला.