आरा आणि त्यांचे पहिले रसिक

इंदूरची चित्रकला म्हटली की देवळालीकर मास्तरांची चित्रशाळा आणि तेथे घडलेले बेंद्रे यांचे स्मरण होते. परंतु ज्याला ना गुरू लाभला ना शाळा, त्याने कोणाच्या आधारे उभे राहावे? कृष्णाजी आरा यांचे चरित्र या प्रश्नाचे उत्तर देते.

१९१४ साली सिकंदराबादजवळील बोलारम येथे त्यांचा जन्म झाला. आई लहानपणीच वारली. सातव्या वर्षी घर सोडून ते मुंबईस आले. मोटारी पुसल्या, घरगडी म्हणून राबले, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवासही भोगला. या घरगड्याची चित्रे कलासमीक्षक रूडी फॉन लायडन यांच्या दृष्टीस पडली आणि १९४२ साली आरांचे पहिले प्रदर्शन भरले. १९४७ साली स्थापन झालेल्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये इंदुरात वाढलेले हुसेन त्यांचे सहकारी होते. ऑस्ट्रियातून निर्वासित होऊन आलेले उद्योजक श्लेसिंगर या मंडळींची चित्रे विकत घेत, तेव्हा त्यांना बाजारात फारसे मोल नव्हते.

१९८५ साली आरा निवर्तले. आज त्यांच्या फुलदाण्यांची चित्रे लिलावात मोठ्या किमतीला जातात. तो पैसा मालकांना मिळतो. श्लेसिंगरांनी मोजलेल्या थोड्या रुपयांवर मात्र कलावंताची चूल पेटत होती. संग्राहकाचा खरा धर्म तोच होय.