माग, गाळा आणि म्हातारपणाची तजवीज

भिवंडीतली संपत्ती सहसा जागची हलत नाही. माग फरशीला आवळलेले, गाळा पागडीचा, राहते घर भाऊबंदांच्या सामाईकात आणि शहराबाहेरची भातशेती आता गोदामांखाली. म्हाताऱ्या माणसाला घरीच सांभाळायचे तर खर्च मात्र रोखीत होतो: औषधे, डायपर, रात्रपाळीच्या बाईचा पगार. मालमत्ता लाखांची आणि हाती पैसा नाही, ही अडचण इथे नवी नाही. मालमत्तेचे रूप बदलले तशी तिची उत्तरेही बदलत गेली. प्रत्येक वेळी मालमत्तेची किंमत किती यापेक्षा ती मोडायला किती जणांच्या सह्या लागतात, यावर बरेच काही ठरले.

हातमागाच्या काळात हा खर्च वेगळा दिसत नसे. कामवारी नदीकाठच्या या पेठेत भात, लाकूड आणि कापडाचा व्यापार चाले. कोकणी मुसलमान इथले जुने रहिवासी. 1857च्या उठावानंतर आणि पुढच्या दुष्काळांत उत्तर हिंदुस्थानातून मोमीन विणकर आले, तेलंगणातल्या पद्मशाली विणकरांची भर नंतर पडली. विणकराचे घर हाच त्याचा कारखाना असे. नजर मंदावली, पाय थकले, तरी म्हातारी बसल्या जागी कांड्या भरू शके. काम सुटत नसे, म्हणून घरातली जागाही सुटत नसे. हा काही सुवर्णकाळ नव्हता. अंथरूण धरलेल्या माणसाचे सगळे करणे सुनेच्या वाट्याला येई आणि त्याची नोंद कोणत्याही चोपडीत होत नसे.

हिशेब मांडला जाई तो घर फुटल्यावर. हिंदू एकत्र कुटुंबातल्या विधवेला मिळकतीत वाटा नव्हता. तिला अन्नवस्त्राचा हक्क होता. कोर्टाच्या हुकुमाने किंवा आपसातल्या करारपत्राने हे अन्नवस्त्र ठरावीक जमिनीवर बोजा म्हणून चढवता येई. असा बोजा चढला की जमीन विकत घेणाऱ्यालाही म्हातारीचे देणे टाळणे कठीण जाई. 1937च्या कायद्याने विधवेला हयातीपुरता हक्क मिळाला आणि 1956च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने ती पूर्ण मालक झाली.

मुसलमान कुटुंबांत मृत्यूनंतरचे वाटे ठरलेलेच असतात. खरा पेच हयातीतला. हिबा, म्हणजे बक्षीस, पुरा व्हायला ताबा द्यावा लागतो. ‘मला मरेपर्यंत सांभाळशील तर घर तुझे’ अशी अट हिब्याला जोडली, तर हनफी कायद्याच्या जुन्या नियमाप्रमाणे अट गळून पडते आणि हिबा तेवढा उरतो. वस्तू देऊन तिचे उत्पन्न हयातभर स्वतःकडे राखण्याची मुभा मात्र प्रिव्ही कौन्सिलने 1867 मध्येच मान्य केली होती. दुसरी वाट वक्फ-अलल-औलादची, म्हणजे कुटुंबासाठी केलेल्या वक्फाची. 1894 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने असे वक्फ अवैध ठरवले. बॅरिस्टर जिना यांनी मांडलेल्या विधेयकातून 1913 मध्ये ते पुन्हा वैध झाले. त्या कायद्यात एक बारीक कलम आहे: वक्फ करणारा हनफी असेल तर त्याला मिळकतीच्या उत्पन्नातून स्वतःचाही हयातभर निर्वाह करता येतो. भिवंडीत या कलमाने गल्लीगणिक फरक पडावा, कारण मोमीन हनफी आणि कोकणी शाफई. एकाच पेठेतल्या दोन म्हाताऱ्यांना एकाच प्रकारच्या घरावर वेगवेगळी सोय.

1930च्या सुमारास यंत्रमाग आले आणि पुढे मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले मागही भिवंडीत येऊन चालू लागले. 18 जानेवारी 1982 रोजी गिरणी संप सुरू झाला, गिरण्यांचे काम इकडे वळले आणि शहर मागांनी भरून गेले. या धंद्यातली मालकी एकावर एक थर रचल्यासारखी असते. जमीन एकाची, गाळा दुसऱ्याच्या पागडीत, माग तिसऱ्याचे आणि मागावर चढलेले सूत चौथ्याच व्यापाऱ्याचे. मागवाला मीटरमागे मजुरी घेऊन कापड विणून देतो. वीस-चोवीस मागांचा मालक सेठ म्हणवला जातो, पण त्याच्या हाती असते ती फक्त आठवड्याची मजुरी.

तरीही म्हातारपणाच्या दृष्टीने मागाला एक गुण होता, आणि तो फारसा कुणी नोंदवलेला नाही. माग सुटा विकता येतो. त्याला सातबारा नाही, वारस नोंद नाही, बहिणीची सही नाही. घरात लकव्याचा रुग्ण आला की दोन माग काढायचे, उरलेल्यांवर घर चालू ठेवायचे आणि वेळ आली की आणखी दोन काढायचे. बोल्ट सोडून, पट्टा उतरवून माग हातगाडीवर चढला की व्यवहार संपला. मंदी आली तेव्हा या गुणाची दुसरी बाजू दिसली. साध्या मागाला गिऱ्हाईक राहिले नाही आणि धावते माग भंगारवाल्याकडे किलोच्या भावाने जाऊ लागले. बापाने मशीन म्हणून जपलेली वस्तू मुलाला लोखंड म्हणून विकावी लागली.

गाळ्याचे तसे नव्हते. 1947च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि पागडी चोरीछुपे फोफावली. 31 मार्च 2000 पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने ती उघडपणे घेता येऊ लागली. पागडीचा गाळा किंवा खोली दुसऱ्याच्या नावे करायची तर मालकाची संमती आणि त्याचा हिस्सा दोन्ही लागतात. म्हणजे पैसा आहे, पण त्याची एक किल्ली दुसऱ्याच्या खिशात. आणि ज्याच्याकडे यातले काहीच नव्हते, त्या माग चालवणाऱ्या कामगाराची गोष्ट दोन ओळींत संपते. बारा तासांची पाळी, जेवण बिस्सीत, म्हणजे खाणावळीत, आणि अंग थकले की गावची गाडी. त्याचे म्हातारपण भिवंडीच्या खात्यावर पडलेच नाही.

शहराबाहेर, काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, मानकोली या गावांत गोष्ट निराळी घडली. इथले शेतकरी मुख्यतः आगरी. कूळकायद्याने, 1 एप्रिल 1957च्या कृषक दिनाने, अनेक कुळांना मालकी मिळाली. भातशेतीवर म्हातारा पोसला जाई, पण तिच्यातून रोकड निघत नसे. पुढे मुंबईच्या जकातीने या गावांचे नशीब पालटले. महापालिकेच्या नाक्याबाहेर माल उतरवून ठेवणे व्यापाऱ्याला परवडू लागले आणि शेतांत गोदामे उभी राहिली. 1 जुलै 2017 रोजी जीएसटी आला, जकात गेली, पण गोदामे वाढतच राहिली. भातशेतीने जे कधी दिले नव्हते ते गोदामाने दिले: दरमहा भाडे. आजारी आईला घरी सांभाळायला याहून सोयीचे उत्पन्न नाही, कारण त्यासाठी काही विकावे लागत नाही.

भाडे येते, पण जमीन मोकळी नसते. जुन्या सातबाऱ्यावर आजोबांच्या मागे पाच-सहा वारसांची नावे लागलेली असतात, आणि ‘इतर अधिकार’ या रकान्यात सोसायटीचा बोजा. 22 जून 1994 पासून महाराष्ट्रात आणि 9 सप्टेंबर 2005 पासून देशभर मुलगी एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलाइतकी हक्कदार झाली. त्याआधी बहिणींकडून हक्कसोडपत्र घेणे हा रिवाज होता आणि आजही पुष्कळ ठिकाणी तो चालतो. गंमत अशी की आईची सेवा करायला येते ती बहुधा हीच मुलगी. काही गोदामांना रीतसर परवानगी नाही. बँकेत तारण ठेवायला गेले की तिथेच अडते. राहते ते सोने. आगरी घरातले दागिने हे लग्नाचे वैभव तसेच आजारपणातला शेवटचा आधार, कारण ते गहाण टाकायला एकच सही पुरते.

घरातल्या सुनेच्या जागी पगारी बाई आली, तेव्हा ही कोंडी उघडी पडली. मुले ठाण्या-मुंबईत, कुणी आखातात. म्हाताऱ्याला ‘ब्युरोची बाई’ किंवा ‘ब्रदर’ बारा किंवा चोवीस तासांच्या ड्युटीवर. सेवेला प्रथमच दर लागला.

याच सुमारास सरकारने एक उपाय आणला. 2007-08च्या अर्थसंकल्पात रिव्हर्स मॉर्गेजची घोषणा झाली आणि राष्ट्रीय गृहनिर्माण बँकेने नियम काढले. साठी ओलांडलेल्या मालकाने राहते घर तारण ठेवायचे, बँकेने त्याला दरमहा पैसे द्यायचे, वसुली त्याच्या मागे. कर्जफेडीचा हप्ता नाही आणि मिळालेल्या पैशावर प्राप्तिकर नाही. अटी मात्र भिवंडीला नेमक्या न बसणाऱ्या: घर स्वकष्टार्जित, मालकी निर्वेध, मालक त्यात राहणारा आणि इमारतीचे पुढचे आयुष्य किमान 20 वर्षांचे. पागडी बाद, सामाईक घर बाद, गोदाम बाद. राहिली गोष्ट इमारतीच्या आयुष्याची. 1984 साली बांधलेली जिलानी इमारत 21 सप्टेंबर 2020च्या पहाटे कोसळली, त्या शहरात हा दाखला मिळवणे सोपे नाही.

फ्रान्समध्ये हाच व्यवहार खासगीत होतो. 1965 मध्ये आर्ल गावच्या एका वकिलाने 90 वर्षांच्या झान काल्मां या बाईंचे घर, त्या जिवंत असेपर्यंत दरमहा 2500 फ्रँक देण्याच्या बोलीवर घेतले. वकील 1995 मध्ये वारले. बाई 1997 पर्यंत, वयाच्या 122व्या वर्षापर्यंत जगल्या. आपल्याकडे दुसऱ्याच्या आयुष्यावर अशी बोली लावणे अशुभ वाटते. त्याऐवजी ठाणे-मुंबई पट्ट्यात ‘हेवी डिपॉझिट’ रुजले: खोली विकायची नाही, भाडेकरूकडून मोठी रक्कम एकदम घ्यायची, भाडे नाममात्र, आणि खोली सोडताना रक्कम परत. जुन्या कबजेगहाणाचाच हा शहरी अवतार. म्हाताऱ्याच्या ऑपरेशनला पैसा उभा राहतो. परत करायची वेळ वारसांवर येते.

सर्वांत जास्त चालणारी वाट मात्र बक्षीसपत्राची: घर एका मुलाच्या नावे, सांभाळ त्याच्या भरवशावर. भरवसा तुटल्यास 2007चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा आहे. तो सर्व धर्मांना लागू आहे आणि महाराष्ट्रात प्रांताधिकारी हे न्यायाधिकरण. कलम 23 प्रमाणे सांभाळाच्या अटीवर दिलेली मिळकत, अट मोडल्यास, परत मागता येते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2022 मध्ये ही अट सिद्ध करण्यावर भर दिला. 2 जानेवारी 2025च्या निकालात मात्र आईने दिलेले बक्षीस रद्द करताना कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावायला सांगितले. तरी सावधपणाचा भाग म्हणून बक्षीसपत्रातच राहण्याचा हक्क, औषधपाणी आणि मदतनिसाचा खर्च स्पष्ट लिहिलेला बरा. निर्वाहाची कायद्यातली कमाल रक्कम दरमहा 10,000 रुपये आहे आणि चोवीस तासांच्या बाईचा ब्युरोचा दर आज तिच्यापुढे गेला आहे. ही मर्यादा काढून टाकणारे विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत मांडले गेले. ते संमत झाले नाही.