मांजराचा शिधा

गृहस्थाने स्वतः जेवावयास बसण्यापूर्वी गाय, कुत्रा, कावळा आणि मुंग्या यांचा वाटा बाजूस काढावा, असा जो आचार आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, त्यात मांजराला कोठेच स्थान नाही, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. गोग्रास आहे, काकबळी आहे, श्वानासाठी घास आहे. परंतु ज्या प्राण्याचा वावर चुलीपासून देवघरापर्यंत निर्वेध चालतो, त्याच्या नावाचा घास शास्त्राने सांगितला नाही. हिंगोली जिल्ह्यातील कयाधूकाठचे नरसी हे गाव नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने मानले आहे, आणि कोरडी पोळी पळविणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणाऱ्या नामदेवांची कथा या टापूत लहान मुलालाही ठाऊक असते. त्या कथेतला प्राणी कुत्रा आहे, आणि तो तसा असणे स्वाभाविकच आहे; कारण कुत्रा माणसाच्या ताटाकडे पाहून जगतो. मांजर तसे जगत नव्हते. त्याचा शिधा त्याच घरात होता खरा, परंतु तो घरधनिणीच्या हातून नव्हे, तर तिच्या कणगीखालून मिळत असे.

मराठवाड्यातील जुनी घरे माळवदाची असत. जाड मातीच्या भिंती, त्यांवर लाकडी तुळया, तुळयांवर फळ्या आणि फळ्यांवर पुन्हा मातीचा थर, अशी ही रचना उन्हाळ्यात माणसाला जितकी सुखाची, तितकीच बारा महिने उंदरालाही सोयीची होती. ज्वारीचे मोठे साठे पांढरीत खणलेल्या पेवांत उतरविले जात, आणि पेवाचे तोंड लिंपून बंद केले म्हणजे आतली हवा इतकी दूषित होई की, नुकत्याच उघडलेल्या पेवात घाईने उतरणाऱ्या माणसाच्याही जिवावर बेतावे. तेथे उंदराचा पाड लागत नसे. परंतु रोजच्या दळणाचे धान्य घरातच, शेणामातीने सारवलेल्या कणगीत किंवा भिंतीतल्या बळदात असे, आणि त्याचे रक्षण करणारा पहारेकरी मांजराशिवाय दुसरा नव्हता. पाटील-पटवाऱ्यांच्या दप्तरात ज्याचे नाव नाही, ज्याला सनद नाही, वतन नाही, खळ्यावरचे बलुते नाही, असा गावगाड्यातील हा तेरावा बलुतेदार आपले वेतन आपणच वसूल करून घेत असे, आणि ते वेतन कच्च्या मांसाचे होते.

घरातून त्याला काही मिळत नसे असे नाही. सकाळी दूध तापविताना वाटीभर दूध, त्यात कुसकरलेली ज्वारीची भाकरी, एवढा मामूल बहुतेक घरी असे. आणि ज्या माळकरी घरात मांसाचा स्पर्शही वर्ज्य होता, तेथील मांजराकडे पाहून ‘हे आमच्यासारखेच शाकाहारी झाले आहे’ असे कौतुकाने सांगण्याची रीत होती. या कौतुकात घरधनिणीचा भाबडेपणा थोडा आणि सोयीस्कर डोळेझाक जास्त, असे मला वाटते. प्रौढ मांजराला दुधातली साखर नीट पचत नाही, आणि मांसातून मिळणारे अनेक घटक त्याचे शरीर स्वतः घडवू शकत नाही. भाकरीदुधावर ते वर्षानुवर्षे धडधाकट राहिले, याचा अर्थ इतकाच की उरलेला आहार ते रात्री, कोणाच्या सोवळ्याला बाध न आणता, माळवदावर उरकून येत होते.

धर्मशास्त्राने त्याला घास दिला नाही, पण अभय मात्र दिले. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात मांजर आणि मुंगूस यांच्या वधाचे प्रायश्चित्त एकाच श्लोकात सांगितले आहे, आणि मांजर मारणाऱ्याने सोन्याचे मांजर करून दान द्यावे हा लोकाचार तर सर्वश्रुत आहे. मांजर आणि मुंगूस यांची ही जोडी मला अर्थपूर्ण वाटते. युरोपात मुंगसाच्याच कामाचा, परंतु वेगळ्या कुळातला फेरेट नावाचा लांबट प्राणी सशांच्या बिळात सोडण्यासाठी दोन हजार वर्षांपासून पाळला गेला. आपल्याकडे मुंगूस गारुड्याच्या पेटीपलीकडे घरगुती झाले नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर तर ते पाळणे गुन्हाच ठरला. दोन्ही प्राणी शिकारी, दोन्ही माणसाच्या धान्याचे आणि जिवाचे अप्रत्यक्ष रक्षक; म्हणूनच बहुधा शास्त्रकाराने त्यांना एका ओळीत बसविले असावे.

अर्धा शिधा आपण द्यावा आणि अर्धा त्याने मिळवावा, ही व्यवस्था आपल्याच घरांची होती असे मानण्याचे कारण नाही. १८६८ साली लंडनच्या टपाल खात्याने मनीऑर्डर कचेरीत उंदरांच्या बंदोबस्तासाठी तीन मांजरे नेमली, तेव्हा त्यांच्या खर्चासाठी दर आठवड्यास एक शिलिंग मंजूर करताना वरिष्ठ अधिकाऱ्याने उरलेल्या पोटाची तजवीज त्यांनी उंदरांवर करावी असे स्पष्ट बजावले होते. हिंगोलीच्या घरधनिणीने हेच धोरण कागदावर न आणता पाळले.

या धोरणाचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता हिंगोलीच्या शेजारीच निघाला, आणि तोही एक गोरा वैद्य होता. हिंगोली हे त्या काळी निजामाच्या मुलखात असले तरी हैदराबाद कंटिंजंट या इंग्रज अंमलदारांच्या हाताखालील फौजेची ती छावणी होती. याच फौजेच्या खर्चापोटी १८५३ च्या तहाने पैनगंगेपलीकडचे वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात गेले, आणि छावणी १९०३ साली मोडली तरी नदीच्या दोन तीरांवर दोन राजवटी राहिल्या. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवीत, म्हणजे नेमक्या धान्याच्या वखारींच्या वस्तीत, डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढे ती साथ देशभर पसरली, आणि गावे ओस पडून माणसे शेतांतील झोपड्यांत राहावयास गेली. पिसवांमुळे ही साथ उंदरांकडून माणसांकडे येते, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखविले. मुंबईच्या प्लेग संशोधन मंडळाने त्याची खात्री पटविण्यास आणखी काही वर्षे घेतली. मग ओघानेच प्रश्न आला तो उंदीर मारावयाचे कसे याचा. सरकारने पिंजरे वाटले, विष वाटले, मेलेल्या उंदरामागे इनामही लावून पाहिले.

अमरावतीचे सिव्हिल सर्जन अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी या सर्वांपेक्षा निराळी वाट धरली. वऱ्हाडातील गावोगावच्या मांजरांची गणती करवून घेऊन तिची प्लेगच्या नोंदींशी तुलना करता, ज्या गावांत मांजरे भरपूर तेथे साथ जवळजवळ फिरकत नाही आणि जेथे मांजरे विरळ तेथे ती ठाण मांडते, असे त्यांना दिसले. आणि १९०८ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये मांजर हे प्लेगचे प्रतिबंधक असल्याचे त्यांनी प्रतिपादन केले. हा सिद्धान्त शास्त्राच्या कसोटीवर पूर्णपणे उतरला नाही. मांजराला स्वतःला प्लेग होतो आणि त्याच्यापासून माणसालाही होऊ शकतो, हे आज निर्विवाद आहे. तरीही ब्यूकॅनन यांचे मला कौतुक वाटते, ते एवढ्यासाठी की, वऱ्हाडातील शेतकऱ्याने कणगीजवळ ठेवलेल्या प्राण्याची खानेसुमारी सार्वजनिक आरोग्याचा विषय होऊ शकते, हे ओळखणारा अधिकारी त्या दिवसांत विरळा होता. शिवाय मांजरे पाळण्याची त्यांची सूचना अमलात आणण्यास फौजफाटा लागत नव्हता, खर्चही नव्हता. मांजराचे वेतन नेहमीप्रमाणे उंदरांनीच भागविले असते.

ही व्यवस्था मोडली ती कोणाच्या हुकमाने नव्हे. ज्वारीच्या जागी सोयाबीन आले, आणि सोयाबीन घरात साठविण्याचे पीक नव्हे. ते खळ्यावरून थेट बाजार समितीच्या आवारात जाते. हळद शिजवून, वाळवून, पॉलिश करून वसमत-हिंगोलीच्या बाजारात विकली जाते, आणि हळदीला उंदीर ज्वारीइतका लागत नाही. कणगी गेली, बळद बुजले, माळवदाच्या जागी सिमेंटची स्लॅब आली, आणि उरलेल्या उंदरांसाठी झिंक फॉस्फाइडची पुडी दुकानात मिळू लागली. मांजराच्या शिध्याचा कमावलेला अर्धा भाग असा गेला, आणि दिलेला अर्धा भाग तेवढा राहिला. तालुक्याच्या गावी तर दुधाच्या वाटीची जागाही पाकिटातल्या कोरड्या दाण्यांनी घेतली.

या पाकिटाचा पूर्वज १८६० च्या सुमारास लंडनमध्ये जेम्स स्प्रॅट यांनी काढलेले कुत्र्यांचे बिस्किट होय. मांजराचे शरीर कुत्र्यासारखे नाही, हे मात्र कारखानदारांना फार उशिरा उमगले. टॉरिन नावाचा घटक मांजराला आयताच मिळावा लागतो, तो कमी पडला तर दृष्टी जाते हे १९७५ मध्ये, आणि हृदय फुगून निकामी होते हे १९८७ मध्ये, कॅलिफोर्नियातील पॉल पायन यांच्या संशोधनाने, सिद्ध झाले. त्यापूर्वी विकत आणलेल्या पूर्णान्नावर किती मांजरे गेली असतील याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. त्याच कॅलिफोर्नियात फ्रान्सिस पॉटेंजर यांनी १९३२ ते १९४२ या काळात शेकडो मांजरांवर प्रयोग करून, शिजविलेल्या मांसावरील मांजरांची संतती पिढीगणिक क्षीण होते आणि कच्च्या मांसावरील सुदृढ राहते, असा निष्कर्ष काढला. आज कच्च्या आहाराचे पुरस्कर्ते हा दाखला हमखास देतात. परंतु पॉटेंजर यांच्या काळी मांजराची टॉरिनची गरज कोणास ठाऊक नव्हती, आणि शिजविताना ते पाण्यात उतरून वाया जाते. म्हणजे दोष बहुधा शिजविण्याचा नव्हता, न भरून काढलेल्या उणिवेचा होता.

सतत खाजवून मान-डोके रक्तबंबाळ करणारे, केस झडलेले, वारंवार ओकणारे मांजर घरी असले म्हणजे ‘पाकीट बंद करा, कच्चे मांस द्या’ हा सल्ला आता हिंगोलीतही ऐकू येतो, आणि चिकनच्या दुकानातून कलेजी, पेटा, माना यांची पिशवी घरी येऊ लागते. मला हा सल्ला अर्धवट वाटतो. अन्नाची ॲलर्जी होते ती बहुधा एखाद्या प्राण्याच्या मांसातील प्रथिनाची, त्याच्या शिजलेपणाची नव्हे. पाश्चात्त्य देशांतील अशी ॲलर्जी असलेल्या ७८ मांजरांच्या नोंदींवरून २०१६ मध्ये जो आढावा निघाला, त्यात गोमांस १८ टक्के, मासे १७ टक्के आणि कोंबडी ५ टक्के मांजरांना बाधलेली आढळली. ज्या मांजराला पाकिटातली कोंबडी बाधते, त्याला दुकानातली कच्ची कोंबडी कशी मानवेल? शिवाय खळ्यावरचा ताजा उंदीर आणि गर्दीच्या दुकानात दिवसभर टांगलेली कोंबडी यांत फरक आहेच. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या बर्ड फ्लूने दगावले, आणि पुढच्याच महिन्यात सीमेपलीकडे छिंदवाड्यातील पाळीव मांजरांत तोच विषाणू आढळला. मार्जारकुळाला कच्च्या कोंबडीचा धोका केवढा असू शकतो, हे वऱ्हाडाच्या आसपासच इतक्या ठळकपणे दिसले असता, परदेशी पुस्तकांच्या आधारे निर्धास्त राहणे मला तरी शहाणपणाचे वाटत नाही.

पशुवैद्यांची रीत याहून कंटाळवाणी पण खात्रीची आहे. मांजराने आजवर कधी न खाल्लेले एकच मांस, आपल्याकडे बहुधा बकऱ्याचे, पूर्ण शिजवून, त्यात वैद्याच्या सल्ल्याने टॉरिन आणि इतर उणिवा भरून, निदान आठ आठवडे द्यावयाचे. खाज थांबली तर जुने अन्न पुन्हा देऊन ती परत येते का हे पाहावयाचे. बदल एकाएकी करता येत नाही, कारण नवे अन्न नाकारून दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचून ते मरणाच्या दारी जाऊ शकते. या आठ आठवड्यांत दूध नाही, भाकरीचा तुकडा नाही, शेजारच्या घरचा घास नाही. आणि बाहेर जाऊन त्याने एखादा उंदीर मारून खाल्ला तरी सारी परीक्षा पहिल्यापासून करावी लागते, म्हणून तोवर त्याला दाराबाहेर सोडावयाचे नाही.