‘मॉरिशसमार्गे’
* मॉरिशसमार्गे : लेखकाने हा शब्द करसवलतीच्या अर्थाने वापरला आहे, तो अर्थ आता जुना झाला. भारत-मॉरिशस करार १९८२ चा. मॉरिशसच्या कंपनीने भारतीय शेअर विकून कमावलेल्या नफ्यावर कर लावण्याचा हक्क त्यानुसार मॉरिशसकडे होता, आणि तिथे भांडवली नफ्यावर कर नव्हताच. २०१६ च्या दुरुस्तीने ही वाट बुजली : १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअरांवरील नफ्यावर भारत कर आकारू शकतो. जुन्या पुस्तकांवर विसंबून कोणी पैसा गुंतवू नये, म्हणून हा खुलासा. एरवी देश व्यापाराला सोयीचा आहे. चलन मॉरिशियन रुपया, कंपनीकराचा मूळ दर १५ टक्के. कायद्यात फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही परंपरांचा मेळ. अंतिम अपील आजही लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे. सरकारी कामकाज इंग्रजीत, वर्तमानपत्रे बहुतांशी फ्रेंच, घरीदारी मात्र क्रिओल. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. भेट ठरवताना गणेश चतुर्थीचा दिवस टाळावा : एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांवर गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज तिथे नांदतात, आणि त्या दिवशी देशभर सार्वजनिक सुटी असते.