प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप

मुंबईतील आधुनिक चित्रकार-शिल्पकारांचा गट. स्थापना १९४७. फ्रान्सिस न्यूटन सोझा, सय्यद हैदर रझा, मकबूल फिदा हुसेन, के. एच. आरा व ह. अं. गाडे हे चित्रकार आणि स. कृ. बाकरे हे शिल्पकार त्याचे संस्थापक होत.

नावातील ‘प्रोग्रेसिव्ह’ या शब्दाला डाव्या चळवळीचा रंग होता. सोझा काही काळ कम्युनिस्ट पक्षात होते. राजकीय हालचालींमुळे १९४५ मध्ये त्यांना जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून काढून टाकण्यात आले. घरकाम आणि मोटारी धुण्याची कामे करत चित्रकलेकडे वळलेले आरा मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेले होते. तरीही गटाच्या चित्रांत मोर्चे, संप, दुष्काळ फारसे आढळत नाहीत. तसे काम त्याच काळात चित्रकार चित्तप्रसाद करत होते. बंगालच्या दुष्काळावरील त्यांच्या पुस्तिकेच्या प्रती इंग्रज सरकारने जप्त करून नष्ट केल्या. सोझांनी मात्र गटाच्या १९४९ च्या प्रदर्शनाच्या पुस्तिकेतच, आशय आणि तंत्र या दोन्हींत चित्रकाराला पूर्ण मोकळीक हवी, अशी भूमिका घेतली. पक्षनिष्ठ प्रगतिशीलता तिथेच संपली.

या गटाचे राजकारण विषयापेक्षा शैलीच्या निवडीत शोधावे लागते. जे. जे. मधील ब्रिटिश वळणाचे वास्तवचित्रण त्यांना नको होते. बंगाल शैलीचे हळवे पुनरुज्जीवनही नको होते, कारण तिथला भारत बहुधा पुराणकाळात वसलेला असे. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यातला कॅथलिक (सोझा), मध्य प्रांतातला मुसलमान (रझा), पंढरपुरात जन्मलेला सुलेमानी बोहरा (हुसेन) अशी माणसे फाळणीच्या वर्षी एकत्र आली होती. एकच प्राचीन परंपरा ‘आपली’ म्हणून पुढे करणे त्यांना शक्यही नव्हते. म्हणून सेझान, मातीस, पिकासो यांच्याबरोबरच मथुरेची शिल्पे आणि बसोली लघुचित्रे हे सगळेच त्यांनी हक्काने घेतले. वॉल्टर लँगहॅमर, रुडॉल्फ फॉन लायडन आणि संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर हे हिटलरच्या काळात युरोप सोडून मुंबईत आलेले रसिक त्यांचे पाठीराखे होते, हाही राजकारणाचाच एक उपप्रवाह.

ओळखीचा प्रश्न प्रत्येकाने वेगळा सोडवला. सोझांनी बालपणीचे चर्च रागाने रंगवले. त्यांचे ‘क्रूसिफिक्शन’ (१९५९) लंडनच्या टेट संग्रहात आहे. सिनेमाचे फलक रंगवून आलेल्या हुसेन यांनी ‘जमीन’ (१९५५) मध्ये खेड्यातील बैल, चाक, स्त्रिया अशा प्रतिमा शेजारी शेजारी मांडल्या. नव्या राष्ट्राला असे चित्र हवेच होते. शास्त्रज्ञ होमी भाभांनी टाटा मूलभूत संशोधन संस्थेसाठी या चित्रकारांची कामे घेतली, तेथील भित्तिचित्र हुसेन यांनीच केले. गटाशी निकटचे तय्यब मेहता यांनी फाळणीच्या दंगलीत एका माणसाची हत्या पाहिली होती. त्यांच्या कोसळत्या आकृतींचा उगम समीक्षक तिथे पाहतात, आणि ते पटते.

गट मात्र अल्पायुषी ठरला. सोझा १९४९ मध्ये लंडनला, रझा १९५० मध्ये पॅरिसला गेले. बाकरेही लंडनला गेले आणि पुढे परतून कोकणात राहिले. वासुदेव गायतोंडे, कृष्ण खन्ना, मोहन सामंत नंतर सामील झाले; भानुमती राजोपाध्ये (पुढे भानू अथैया) यांनीही गटाबरोबर चित्रे मांडली. १९५६ च्या सुमारास गट विसर्जित झाला. स्त्रिया त्यात अपवादानेच होत्या. जातीचा प्रश्न तर या चित्रांत जवळजवळ नाहीच. तो आधुनिक चित्रभाषेत ठळकपणे यायला नागपूरचे चित्रकार सावी सावरकर यांच्यापर्यंत थांबावे लागले.

‘सर्व परंपरा आमच्या’ हा दावा पुढे हुसेन यांना महागात पडला. राममनोहर लोहियांच्या सूचनेवरून त्यांनी रामायणावर चित्रमालिका केली, तेव्हा मोठा वाद झाला नव्हता. १९९६ मध्ये मात्र त्यांच्या जुन्या सरस्वतीच्या रेखाटनावरून वादळ उठले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००८ मध्ये त्यांच्यावरील अश्लीलतेचे खटले रद्द ठरवले. तोवर ते देश सोडून गेले होते. २०१० मध्ये त्यांनी कतारचे नागरिकत्व स्वीकारले आणि २०११ मध्ये लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.