थुनेर

टॅक्सस वॉलिचियाना, कुल टॅक्सेसी. हिमालयाच्या उंच जंगलातला हा सदाहरित, सूचिपर्णी वृक्ष. पश्चिम हिमालयातली झाडे काही शास्त्रज्ञ टॅक्सस कॉन्टोर्टा अशी वेगळी जाती मानतात. ‘थुनेर’ हे नाव उत्तराखंडातले.

समुद्रसपाटीपासून साधारण १,८०० ते ३,३०० मीटर उंचीवर, मोठ्या झाडांच्या सावलीत हा अतिशय सावकाश वाढतो. पाने चपटी, बोटाच्या पेरापेक्षा थोडी लांब, डहाळीच्या दोन्ही अंगांना ओळीने. नर आणि मादी झाडे वेगळी. सूचिपर्णींच्या गोतातला असूनही याला लाकडी शंकू धरत नाही. एकेक बी लालचुटूक, मांसल पेल्यात बसते. तो पेला पाखरे खातात. बी आणि पाने मात्र विषारी.

महाराष्ट्राच्या सह्याद्रीत सूचिपर्णी झाड आपसूक उगवत नाही. वरळीत नाताळात कुंड्यांतून दिसतो तो ॲरोकॅरियाही परदेशी. तरी मुंबईशी थुनेरचा संबंध आहे, तो औषधातून.

खोकल्यावरच्या तालीसादी चूर्णातले मुख्य द्रव्य तालीसपत्र. वरळीच्या पोदार आयुर्वेद महाविद्यालयासारख्या ठिकाणी द्रव्यगुण शिकणाऱ्याला त्याची नीट ओळख पटवून घ्यावीच लागते. अधिकृत औषधिकोशातले तालीसपत्र म्हणजे ॲबिस या दुसऱ्या सूचिपर्णीची पाने. बाजारात मात्र त्याच नावाने थुनेरचीही पाने विकली जातात. थुनेरमधले टॅक्सिन हे विष हृदयावर घात करते, तेव्हा ही गफलत किरकोळ नव्हे.

दुसरा धागा परळच्या टाटा स्मारक रुग्णालयापर्यंत जातो. स्तन आणि बीजाशयाच्या कर्करोगावर दिले जाणारे पॅक्लिटॅक्सेल प्रथम मिळाले ते थुनेरच्या अमेरिकी भाऊबंदाच्या सालीतून. ती साल १९६२ साली गोळा केली होती. मनसुख वाणी आणि मन्रो वॉल यांनी त्यातल्या द्रव्याची रचना १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. हे वाणी नंदुरबारचे, मुंबई विद्यापीठाचे पदवीधर. मराठी मुलखात त्यांचे नाव फारसे कुणाला ठाऊक नाही, हे खटकते. पेशीतल्या सूक्ष्मनलिका जखडून पॅक्लिटॅक्सेल तिचे विभाजन थांबवते. अमेरिकेत १९९२ मध्ये त्याला मान्यता मिळाली आणि मागणी हिमालयावर येऊन आदळली. हे द्रव्य थुनेरच्या पानांतूनही मिळते; त्यांच्यासाठी फांद्याच्या फांद्या छाटल्या गेल्या.

१९९५ पासून थुनेरचा आंतरराष्ट्रीय व्यापार धोक्यातल्या जातींच्या व्यापारावरील साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली नियंत्रित आहे; अशा जातींच्या जागतिक लाल यादीत तो ‘संकटग्रस्त’ आहे. पॅक्लिटॅक्सेल आता लागवडीतल्या यू, म्हणजे थुनेरच्याच गोतातल्या, झाडांच्या पानांतील द्रव्यापासून अर्धसंश्लेषणाने, किंवा मोठ्या टाक्यांत वाढवलेल्या वनस्पतिपेशींपासून तयार करता येते. त्यासाठी झाडाची साल सोलावी लागत नाही.