छातीवर जीप: रांजणगाव आणि इटलीचा २०१७-१८ सीझन

पुणे-नगर रस्त्यावरचं रांजणगाव म्हटलं की आधी आठवतो महागणपती, मग एमआयडीसी. मी आज तिथून थेट इटलीच्या फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे सेरी आमध्ये नेणार आहे.

संबंध काय? युव्हेंटस क्लब १९२३ पासून तूरिनच्या आन्येल्ली घराण्याकडे. फियाटही तेव्हा त्यांच्याच ताब्यात होती, आणि जीप फियाटच्याच घरातला ब्रँड होता. म्हणून तेव्हा युव्हेंटसच्या जर्सीवर, छातीवर ‘जीप’. जून २०१७मध्ये जीप कंपास रांजणगावच्या फियाट प्लांटमध्ये बनू लागली. इथूनच ती ऑस्ट्रेलिया, जपानलाही गेली.

त्या सीझनआधी युव्हेंटस सलग सहा वेळा चॅम्पियन होतं. समोर दक्षिणेचं नापोली, १९९०नंतर एकही लीग न जिंकलेलं. २२ एप्रिल २०१८, तूरिन. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली. नव्वदाव्या मिनिटाला कूलिबालीचा हेडर, १-०! फरक उरला एका पॉइंटचा. खरं सांगू? मी नापोलीच्याच बाजूने होतो. पण पुढच्याच मॅचला ते फ्लॉरेन्समध्ये ०-३ हरले. शेवटी ९५ विरुद्ध ९१, सातवं विजेतेपदही युव्हेंटसचंच.

खरी ठिणगी पडली सीझन संपल्यावर. जुलैमध्ये युव्हेंटसने रोनाल्डोला १० कोटी युरोंना घेतलं. दक्षिण इटलीतल्या मेल्फीला तेव्हा फियाटचा कारखाना होता, तिथेही जीप बनत होती. तिथल्या एका युनियनने संपाची हाक दिली: आम्ही पोटाला चिमटा काढायचा आणि एका खेळाडूवर एवढा पैसा?

संपात अगदी मोजके कामगार उतरले. रोनाल्डो आला, जर्सी घातली. छातीवर तेच नाव, जे रांजणगावात गाडीच्या बॉनेटवर लागत होतं.